कुंपणाजवळची माती

संभाजीनगरच्या गुंठेवारीत तपासणीला आलेले साहेब टिकटिकणारं यंत्र घेऊन घरोघर फिरत होते. राजाबाईच्या कुंपणाजवळ रोज माती उकरलेली दिसायची; घूस असेल म्हणून तिनं कालच पिंजरा आणून ठेवला होता. साहेबांनी नेमकं त्या खड्ड्यावर यंत्र धरलं, तशी टिकटिक इतकी वाढली की म्हातारी दोन पावलं मागं सरली.

"मावशी, भरावाच्या या मातीत किरणोत्सर्ग आहे. पोटात गेली तर फार घातक. माती खाणारं लहान लेकरू आहे का घरात?"

"नाय साहेब, वाचलो बघा! सुनंला आत्ता कुठं सातवा लागलाय."

सुटकेचा निःश्वास सोडत राजाबाई मागं वळली.



दारात तिची सून सुकेशनी पांढरीफटक पडून उभी होती, अन् तिच्या ओठांच्या कडेला ओली माती लागलेली होती.