लिंबूचा एक्स-रे

"महिन्याभरात कुत्र्याची नसबंदी करा, नाहीतर त्याला सोसायटीतून हलवा," सेक्रेटरी खांबेटेकाकांनी सभेत विषय क्रमांक चार वाचला. विषय क्रमांक चार माझ्या पायावर बसला होता. वय आठ महिने, वजन चाळीस किलो, नाव लिंबू. ग्रेट डेन जातीत याला बाळ म्हणतात.

मी उठलो. पाय सोडवून घ्यायला जरा वेळ लागला. "नसबंदी करणारच आहे, पण तो दीड वर्षाचा झाल्यावर. हाडं अजून वाढतायत. आत्ता केली तर सांधे जन्मभर दुखू शकतात, असं डॉक्टर म्हणालेत. तोवर मी हलणार नाही आणि हाही." आणि मी पिशवीतून त्याच्या गुडघ्याचा एक्स-रे बाहेर काढला.

एक्स-रे बघून गप्प बसेल अशी सोसायटी अजून बांधली गेलेली नाही. तो ट्यूबलाइटसमोर धरला गेला, हातोहात फिरला. "ही बघा फट," बँकेतून निवृत्त झालेले टिपणीसकाका म्हणाले, "कच्चा आहे गुडघा पोराचा." "गुडघ्याशी खेळ नको हो!" धारपकाकू कळवळल्या. पुढची वीस मिनिटं प्रत्येकजण स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलला. मग दहा महिन्यांची मुदत एकमताने मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात खांबेटेकाका, हातात मोठा पिवळा लिफाफा.

"पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," लिंबूकडे बघत ते हळूच म्हणाले. "तुझ्या डॉक्टरांना विचार ना, मीही दीड वर्ष थांबलो तर चालेल का?"