तांबडीचं पीस

पिरंगुटच्या अलाउद्दीन उस्तादाचा चाळिसावा होता. फातिहा झाली, जेवणं उरकली आणि माणसं गच्चीवर चढली. तिथल्या कबुतरवाल्यांत एक रीत होती. उस्ताद गेला की चाळिसाव्याला त्याची ढाबळ सताड उघडायची, एकही पाखरू आत ठेवायचं नाही. फिरून जितकी परत येतील तितका माणूस मोठा.

उस्ताद मोठाच होता, त्यात काय बघायचं? त्याच्या कबुतरांसारखे गिरेबाज साऱ्या मुळशीत नव्हते. ठिपका होईपर्यंत वर चढायचे आणि तिथून अशा कोलांट्या घेत खाली यायचे की आता जमिनीवर आपटणार असं वाटावं. पुण्याचे शौकीन एसटीचे धक्के खात ते बघायला येत. आज तेही आले होते आणि एकेक करून उस्तादाविषयी तोंड भरून बोलत होते.

उरवड्याच्या गेणबाची पाळी आली. त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं एक पांढरं पीस काढलं.

"माझी तांबडी मादी. अंग सगळं तांबडं, डाव्या पंखात हे एवढंच पांढरं पीस. तिच्यासारखी कोलांटी उस्तादाच्या पाखरांनाबी जमत नव्हती, त्यो सोता म्हणायचा. आमच्याकडं वीज आली त्या साली शिकऱ्यानं झडप घालून नेली तिला. ह्यो माणूस दिवसभर रान तुडवत हिंडला आन् मूठभर पिसं घिऊन आला. माझ्या दारात बसून माझ्याआधी त्योच रडला."

गेणबाने नाक पुसलं.

"म्हणला, गेणबा, शिकऱ्याला तुझ्या घराची चटक लागली, आता एक पाखरू ठिवायचा न्हाई. मी ढाबळ मोडली, बाकीची पाखरं ह्याच्या हवाली केली. चार दिवस ती उरवड्याला येऊन घिरट्या घालायची. बसाया जागा दिसंना, मग हितंच रमली. ह्याच्यामुळं जगली ती. हे पीस त्याच्या ढाबळीत ठिवाया आणलंय."

पुण्याचा एक जण हळूच म्हणाला, "असा माणूस होणे नाही."

उस्तादाचा मुलगा युनूस खण उघडत गेला. पंखांचा फडफडाट झाला आणि गच्चीवर भुसा उडाला. पाखरं एका झुंडीने वर गेली. शेवटी कोपऱ्यातला गोणपाटाचा पडदा लावलेला खण उरला.

जिन्याच्या तोंडाशी बसलेली हसिना, उस्तादाची बायको, एकदम बोलली, "त्यो राहू दे. आजारी मादी हाय आत."

"अम्मा, आजच्या दिवशी कोंडून ठिवत्यात व्हय कुणाला?" युनूसने पडदा सारला आणि कडी काढली.

मादी चालतच बाहेर आली. उन्हाने तिचे डोळे मिटत होते. छाती जड झाली होती, नखं वाढली होती. उडी मारून ती कठड्यावर बसली, अगदी गेणबाच्या हाताशी, आणि आळोखेपिळोखे द्यावेत तसा तिने डावा पंख उघडला. तांबड्या पंखात एकच पीस पांढरं होतं.

गेणबाने हात पुढे केला नाही.

ती उडाली. आधी थोडी खाली गेली, मग सावरली. गच्चीवरून एक फेरी मारली. वर झुंड कोलांट्या घेत होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. ती सरळ उरवड्याच्या बाजूला निघाली आणि डोंगराच्या कडेला दिसेनाशी झाली.

"आरं, ती तिकडं कुटं चालली?" युनूस म्हणाला.

गेणबाने हातातलं पीस उलटं केलं. शिकरा पीस ओढतो तेव्हा दांडीवर त्याच्या चोचीची खूण राहते. पाखरू उडू नये म्हणून माणूस पीस उपटतो तेव्हा दांडी मुळापर्यंत स्वच्छ निघते, आणि पुढे त्या जागी तसंच नवं पीस उगवतं. ही दांडी स्वच्छ होती. पिसांतला हा फरक त्याला पहिल्यापासून ओळखता येत होता. पण खुद्द उस्तादाने आणून दिलेलं पीस कोणी उलटून बघतं का? त्याला स्वतःची लाज वाटली. मग संताप आला, आणि ज्याच्यावर काढायचा तो तर मातीत निजला होता. आपल्या दारात बसून खऱ्या आसवांनी रडला होता तो. तेच गेणबाला सर्वांत जास्त लागलं.

"भाभी, तुमाला ठावं हुतं."

हसिनाने पदर तोंडावर ओढला. "दर ईदला तुमी शिरखुर्मा खाऊन त्यास्नी दुवा देत जायचा. मला त्यो गिळवत नव्हता."

युनूस दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. बाकीच्यांचं लक्ष वर होतं. झुंड खाली उतरू लागली होती, आणि एकेक पाखरू गच्चीवर टेकेल तशी माणसं वाहवा करत होती.

"आणि ती तांबडी?" पुण्याच्या माणसाने विचारलं. "येईल म्हणा. उस्तादांच्या हातची आहे."

गेणबाने डब्यातली मूठभर ज्वारी घेतली आणि धोतराच्या सोग्यात बांधली. पीस कागदात गुंडाळून पुन्हा खिशात ठेवलं. जिन्याशी तो थांबला.

"जातो मी. घरी पाव्हणी आली असंल. तिला बसाया जागा न्हाई ठिवली मी."