डिस्क सापडत नाही

“लेटरहेड आणलं ना, मॅडम?” कृषी कार्यालयातल्या साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला. कॉम्प्युटर कुठं आहे, त्याला काय झालंय, हे सगळं नंतर.

अरीबा अमरावतीहून पहिल्या एसटीनं अकोल्याला आणि तिथून काळीपिवळीत अंग चोरून बसत या तालुक्याच्या गावी पोचली होती. राजापेठेतल्या दुकानात ती सात वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होती. साहेबांना त्या दुकानाच्या कागदावर एवढंच हवं होतं: हार्ड डिस्क निकामी झाली आहे, त्यातली माहिती परत मिळणार नाही.

“आधी पाहते,” ती म्हणाली.

“पाहाचं काय त्याच्यात? बॅकअप घ्याची सीडी टाकून पायली आमच्या ऑपरेटरनं. त्या सीडीले डिस्कच दिसून नाही राहिली. मेली थे.”

खोलीबाहेर वीस-पंचवीस माणसं नवे फॉर्म धरून रांगेत उभी होती. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन उगवलंच नव्हतं. बियाणं बोगस निघाल्याच्या तक्रारी झाल्या, वावरावावरात जाऊन पंचनामे झाले, फोटो काढले गेले आणि ते सगळं या एका कॉम्प्युटरात भरलं गेलं. आता दाराला कागद चिकटवला होता: नोंदी नष्ट झाल्यामुळे तक्रारदारांनी नव्याने अर्ज करावा.

“नवा अर्ज करून दाखवू तरी काय?” खिडकीचे गज धरून उभी असलेली माणिकबाई बाहेरूनच म्हणाली. “दुबार पेरणी झाली बाप्पा. आता तूर उभी हाय वावरात. थे उगवलं नाही तवाचं वावर कोठून आणू?”

साहेबांनी पंखा वाढवला.

अरीबानं कॉम्प्युटरची पेटी उघडली. धूळ फुंकली, केबल काढून दुसरी लावली, मशीन सुरू केलं आणि डिस्कवर तळहात ठेवला. आत एकसारखी बारीक घरघर हाताला लागत होती. पण विंडोज निळा पडदा दाखवून थांबली. मग तिनं सीडी टाकली. सीडी बराच वेळ फिरली आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली, हार्ड डिस्क सापडली नाही.

“पायलं? लिहा आता,” साहेब म्हणाले.

मेलेली डिस्क इतकी सुरळीत फिरत नाही, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. तिनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि विंडोजच्या आधी उघडतं त्या सेटिंगच्या पानात शिरली. तिथं डिस्क होती. नाव बरोबर, आकार बरोबर. मशीनला दिसत होती, फक्त सीडीला दिसत नव्हती. ती एकेक ओळ वाचत खाली आली. डिस्क नव्या पद्धतीनं चालवायची की जुन्या, ते ठरवणारी एक ओळ होती. विंडोज जुनी, सीडी त्याहून जुनी, आणि ओळीत निवडलेली होती नवी पद्धत. मग दोघींनाही डिस्क ओळखू येणार कशी?

तिनं जुनी पद्धत निवडली. सीडीला डिस्क लगेच दिसली. सीडी बाहेर काढली, तर विंडोजही रोजच्यासारखी उघडली. त्या सीडीची गरजच पडली नाही.

साहेब खुर्चीतून उठले. चेहऱ्यावर आनंद काही नव्हता.

“विजेच्या लाइनीचा झटका बसला असंन,” ते म्हणाले. “इकडं लाइनीचा भरोसा नाही.”

“लाइनीनं नेमकी हीच एक ओळ नाही बदलत, साहेब. सेटिंग लक्षात ठेवणारा आतला सेल गेला असता, तर सगळ्याच ओळी बदलल्या असत्या, तारीखही मागं गेली असती. तारीख तर आजचीच हाय.” तिचा आवाज चढला. “कोणीतरी या खुर्चीत बसून हे बदललं.”

साहेबांनी आवाज खाली आणला. “नोंदी गेल्याचा अहवाल वर जाऊन पंधरा दिवस झाले, मॅडम. बियाण्याच्या कंपनीलेही कळवलं. आता मी काय सांगू?”

“सापडल्या म्हणून सांगा.”

“तुमाले दुरुस्तीसाठी नाही बोलावलं आमी.”

चार तासांचा प्रवास करून अरीबा खोट्यावर सही करायला आली होती, आणि हे तिला इथं आल्यावर कळत होतं. तिनं लेटरहेड काढलं. ‘हार्ड डिस्क सुस्थितीत आहे. सेटिंग हाताने बदललेली आढळली.’ खाली सही केली, तारीख घातली, वेळही घातली. साहेबांनी कागद हातात घेतलाच नाही.

मग तिनं पडदा खिडकीकडे फिरवला. “आजी, गाव कोणतं तुमचं? गट नंबर?”

माणिकबाईनं सांगितला. फोटो उघडला. काळी माती, पेरणीची रिकामी तासं, एक हिरवं पान नाही, आणि बांधावर बियाण्याची फाटकी थैली छातीशी धरून उभी असलेली ती स्वतः. क्षणभर ती गज धरून पाहतच राहिली. मग दारातून थेट आत आली. तिच्यामागं रांगही आत सरकली.

“बाहेर! सगळे बाहेर!” कॉम्प्युटर बंद करायला साहेबांनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. माणिकबाई त्यांच्याआधी तिथं पोचली आणि बटणाला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूले व्हा, मावशी. सरकारी वस्तू हाय थे.”

“वस्तू असंन सरकारी,” ती म्हणाली. “त्याच्यातलं वावर माह्यं हाय.”

अरीबानं पुढचा फोटो उघडला आणि गर्दीकडे पाहून मोठ्यानं विचारलं, “गट नंबर एकशे सोळा कोणाचा?”