पुजलेलं कार्ड

छातीत कळ आलेल्या नवऱ्याला दुर्गाबाईंनी वलगावहून अमरावतीला इमर्जन्सीत आणलं. मी लगेच उपचार सुरू केले. पण आयुष्मान कार्ड मशीन वाचेना. त्यावरचा क्यूआर कोड हळदीकुंकवानं माखला होता. “हे काय केलंत, मावशी?” “दसऱ्याले पूजा केली जी. विळ्याची, ट्रॅक्टरची केली, मंग याले कावून सोडू?” त्यांचा चेहरा उतरला. “आता नाई चालत का?” सिस्टरनं स्पिरिटच्या बोळ्यानं कार्ड पुसलं आणि नोंद झाली. सुट्टी मिळाल्यावर नवरा रिक्षात बसला, तरी दुर्गाबाई हलेनात. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र धरून म्हणाल्या, “यावर काय लिवून हाय?” “माझी डिग्री.” “मंग दोन कार्डांनी वाचवलं माह्या मानसाले!” पिशवीतला करंडा काढून त्यांनी त्यालाही हळदीकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी हजेरीचं मशीन ते वाचेना. वॉचमननं रुमाल पुढे केला. “पुसू नका, काका. रजिस्टर द्या.”