शेवटचं इंजेक्शन

"अण्णा ऑपरेशनच्या टेबलावर झोपेतच गेले," दादा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. तो भूलतज्ज्ञ होता; भूल माझ्या मुलानेच द्यावी, असा अण्णांचा हट्ट होता.

पाहुणे पांगल्यावर त्याच्या बहिणीने, शलाकाने विचारलं, "कोणती भूल दिलीस?"

"विसरभूल. पूर्ण भूल त्यांच्या हृदयाला झेपली नसती."

हल्ली म्हाताऱ्यांना सर्रास तीच देत. अंग लुळं पडे, पण सुरीचा प्रत्येक काप कळे. ऑपरेशन संपल्यावरचं शेवटचं इंजेक्शन ती आठवण पुसून टाकी.

"दुखेल का, असं विचारत होते ना ते?"

"म्हटलं, उठल्यावर काही आठवणार नाही. कुणालाच आठवत नाही, शलू."

"आणि शेवटचं इंजेक्शन?"

"त्याआधीच गेले."

बेल वाजली. शेजारचे काका आले. दादाने तोंड उघडण्याआधीच शलाका म्हणाली, "काका, अण्णा जागे होते."