सभागृहातून एक प्रश्न

"कोणाला काही विचारायचं आहे?" परीक्षकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

वसईतल्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागाच्या सभागृहात एक्केचाळीस माणसं होती. त्यातली अडतीस पाचूबंदर कोळीवाड्यातली, लग्नाला यावं तशी नटलेली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

फळ्यापाशी रोझलीन घाम पुसत उभी होती. खाऱ्या पाण्याचा थेंब कसा सुकतो, यावर तिनं सहा वर्षं घालवली होती आणि चाळीस मिनिटांत सगळं सांगून टाकलं होतं. पीएच.डी. आता एकाच गोष्टीवर अडली होती. परीक्षा खुली, म्हणून सभागृहातून निदान एक प्रश्न यायलाच हवा, असा नियम होता. प्रश्न नाही, तर परीक्षाच झाली नाही. पुढली तारीख पावसाळ्यानंतर.

गाईड राधिका मॅडम वाकून पहिल्या रांगेत गेल्या. "लूर्डसताई, काहीतरी विचारा ना! तुमचीच मुलगी आहे."

"मीच सगल्यांना गप बसवलंय," रोझलीनची आई कुजबुजली. "चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार असंच विचारतात, कोनाची हरकत आहे का म्हनून. कोन बोललं, तर जमलेलं मोडतं."

"इथे उलटं आहे. कोणी बोललं नाही, तर मोडतं."

एवढ्या शिकलेल्या लोकांचं उलटंच असणार, याचं लूर्डसला फारसं नवल वाटलं नाही. ती उठली. पदर सारखा केला.

"रोझी, सहा वरसं तू हितं एसीत बसून थेंब सुकवलास. बोंबील मी एकटीनं सुकवले. आता सांग, आभाळ आलं की ते सुकायच्या आधी वास का मारतात?"

"मम्मी, हे प्रबंधात नाही..."

"प्रश्न आलेला आहे," म्हणत परीक्षकांनी तो घाईघाईने टिपून घेतला. "उत्तर द्या."

रोझलीननं समीकरणं पुसली. फळ्यावर आडवा बांबू काढला, त्यावर जबड्यात जबडा अडकवून दोन बोंबील टांगले.

"हवेतच पानी भरलेलं, मग बोंबलातलं पानी जानार कुठं?" तिनं सुरुवात केली, आणि पुढली दहा मिनिटं एकदाही कागदाकडे पाहिलं नाही.

लूर्डसनं शेवटपर्यंत ऐकलं. मग शेजारच्या बाईकडे वळून म्हणाली, "येतं गो हिला."

परीक्षक अहवालाचं दुसरं पान लिहीत होते. ते ऐकून त्यांनी मान वर केली, आता वेगळं लिहायचं काही उरलं नाही असं ठरवलं आणि पेनाला टोपण लावलं.