गुरांचा पाला

"मशीन बिघडलंय तुमचं!" नळी तोंडातून काढून माझा नवरा डॉक्टरांवरच खेकसला. तोंड लाल होईस्तोवर फुंकूनही त्याच्या फुप्फुसांचा आकडा वर सरकत नव्हता. "आयुष्यात कधी विडी ओढली नाही मी."

"फुप्फुसांवर खाण्याचाही परिणाम होतो. जेवणात पालेभाज्या, फळं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हॅ! पाला आम्ही गुरांना घालतो."

लग्न झाल्यापासून हा माणूस मी वाढलेली मेथी, चवळई बोटानं उचलून माझ्या ताटात टाकतो आणि स्वतः फरसाणाची पिशवी फोडतो.

"हिला फुंकू दे," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला. "हिचाही आकडा हलणार नाही, बघा."

मी फुंकलं. आकडा सरसर वर गेला.

डॉक्टर हसले. "ताई, तुम्ही खाता तरी काय?"

"हे गुरांना घालतात ना, तेच."